शाल-नारळ नको, कामाचा दाम द्या!



१ मे १९६० ला मराठी भाषेचं राज्य आलं. ते १०६ हुतात्म्यांच्या रक्तानं आलं, हे आपण दर सभेत सांगतो. पण सभेला माणूस गोळा केला कुणी? डफावर थाप पडली की गिरणगाव मैदानात उतरायचं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर या शाहिरांनी माणूस जागा केला. अण्णा भाऊ तर स्वतः गिरणीत राबलेले. १८ जुलै १९६९ ला ते गेले, ते गरिबीतच. राज्य मिळालं, शाहिराला काय मिळालं?

जुना सवाल उकरता म्हणाल, तर तोरणमाळला चला.

आम्ही खाली शहाद्याकडे सूतगिरणीत राबणारी माणसं. महाशिवरात्रीला घाट चढून गोरखनाथाच्या यात्रेला जातो. होळीला या डोंगरात पावरा नि भिल्ल बांधवांचा ढोल रात्रभर घुमतो. डोईवर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे नि घुंगरं. कित्येकांचा तो नवस असतो. त्याचा दाम कुणी मागत नाही, मागूही नये. पण तोच ढोलवाला पुढाऱ्याच्या स्वागताला गाडीत भरून नेला, की ते काम झालं. तिथं पैसा मधल्या ठेकेदाराच्या खिशात आणि ढोलवाल्याच्या हातात पुरीभाजी!

आणि खोटं कशाला बोलावं? आम्हीही तेच केलं. आमच्या मेळाव्याला डोंगरातली सोंगाड्या पार्टी बोलावली. त्यांनी रात्रभर पोट धरून हसवलं. सकाळी आम्ही शाल-नारळ दिला, टाळ्या दिल्या. त्यांतले एक म्हातारबाबा म्हणाले, "दादा, शाल चांगली आहे. पण दोन दिसांची मजुरी बुडाली, ती कोण देईल?" बोनससाठी गेटवर घसा फोडणारे आम्ही, खाली मान घालून उभे राहिलो.

आपल्या बदली कामगाराचं आठवा. मुंबईत एके काळी बदली भरणं जॉबरच्या मर्जीवर होतं. चिरीमिरी दिल्याबगैर साच्यावर उभं राहायला मिळत नसे. १९३५ साली बदली कार्डं निघाली. कार्ड आलं म्हणजे न्याय आला असं नव्हे. पण कामगाराचं नाव कागदावर चढलं, आणि कागदावरच्या नावासाठी युनियनला भांडता येतं. कलावंत हा जन्माचा बदली, आणि त्याला कार्डसुद्धा नाही.

सरकार म्हणेल, आम्ही मानधन देतो. देतं, खरं आहे. वृद्ध कलावंतांची योजना १९५४-५५ सालापासूनची. आधी अ, ब, क असे वर्ग पाडून वेगवेगळी रक्कम देत. २०२४ ला वर्ग मोडून महिना सरसकट ५,००० रुपये केले. चांगलं केलं, नाव ठेवणार नाही. पण ते म्हातारपणाचं झालं. उमेदीच्या वर्षांत काय खायचं? शिवाय कलावंत असल्याचा पुरावा लागतो. चाळीस होळ्या ढोल बडवलेला माणूस दाखले नि कात्रणं कुठून आणणार? त्याचा पुरावा त्याच्या तळहातावर आहे, बघा! घरात बोली पावरी, अर्ज मराठीत. मायबोलीसाठी लढून मिळवलेल्या राज्यात दुसऱ्याची मायबोली कचेरीच्या दारात मुकी व्हावी, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की तालुक्याला कलावंतांची नोंद व्हावी आणि ग्रामसभेची साक्ष पुरावा म्हणून धरावी. सरकारी पैशाच्या कार्यक्रमाला दर आधी लिहून द्यावा, रक्कम कलावंताच्याच खात्यात पडावी. निवड समितीत निम्मी माणसं कलावंत असावीत, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातलीसुद्धा. कुणी म्हणतील, कलेचा बाजार मांडता काय? हे बोलणारे सहसा जेवून आलेले असतात.

येत्या महाशिवरात्रीला आम्ही वही घेऊन तोरणमाळला बसणार आहोत. जो वाजवतो, गातो, सोंग घेतो त्याचं नाव लिहिणार. आणि त्या पार्टीची बुडालेली मजुरी वर्गणीनं भरून देतो आहोत. पगाराच्या दिवशी गेटवर डबा फिरेल, तेव्हा हात आखडू नका.