आधी नकाशा, मग औषध

दीड-दोन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटाची उजवी बाजू टणक लागते. मूल खेळते, दुखतेय म्हणून रडतही नाही, त्यामुळे आधी जंताचे औषध होते आणि मग कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची ओपीडी गाठली जाते. सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली की घरच्यांचा एकच धोशा सुरू होतो : काढून टाका लवकर. ही घाई मायेपोटी असते आणि ती कुणालाही समजेल. तरीही माझे म्हणणे असे, की गाठ यकृतात नेमकी किती आणि कुठे पसरली आहे हे मोजल्याशिवाय सुरीही लावू नये आणि केमोचा पहिला डोसही देऊ नये. हे मोजमाप हाच उपचाराचा पहिला टप्पा आहे.

लहान मुलांच्या यकृताच्या कर्करोगात सर्वांत जास्त आढळतो तो हेपॅटोब्लास्टोमा, बहुतेक वेळा तीन वर्षांच्या आत. तो दुर्मीळ आहे : दहा लाख मुलांमागे वर्षाला एक-दोन. २०११ च्या जनगणनेत पालघरसह ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख होती. त्या हिशेबाने एवढ्या मोठ्या पट्ट्यातही वर्षाची मुले बोटांवर मोजता येतील. मुंब्रा, दिवा, भिवंडी, शहापूरकडचे रुग्ण तपासणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरला असे मूल कित्येक वर्षांत एखादेच दिसणार. अनुभव जमायला वावच नसेल, तिथे लिखित पद्धतच आधार देते. ती पद्धत तयार आहे. युरोपातील सायोपेल गटाने १९९० मध्ये सुरू केलेल्या पहिल्या चाचणीपासून ‘प्रीटेक्स्ट’ वापरले. यकृताचे चार भाग धरायचे आणि गाठीने न शिवलेले किती उरले ते पाहायचे. एकमेकांशेजारचे तीन मोकळे असतील तर पहिला गट, एकमेकांशेजारचे दोन मोकळे तर दुसरा, मोकळा भाग एकेकटाच उरला तर तिसरा, एकही नाही तर चौथा. शिवाय मोठ्या रक्तवाहिन्या वेढल्या गेल्या आहेत का, गाठ फुटली आहे का, फुप्फुसांत ठिपके आहेत का, हेही नोंदवायचे. म्हणून पोटाबरोबर छातीचाही सीटी स्कॅन हवा.

यावर काही जण विचारतात, केमो तर बहुतेकांना द्यायचीच आहे, मग आधी गट ठरवून काय साधते? याचे उत्तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायोपेलच्या तिसऱ्या चाचणीत आहे. ज्या मुलांचा धोका या मोजमापाने कमी ठरला, त्यांच्यातील काहींना फक्त सिस्प्लॅटिन दिले आणि काहींना त्यासोबत डॉक्सोरुबिसिनही. तीन वर्षांनी फक्त सिस्प्लॅटिन मिळालेल्यांपैकी ९५ टक्के मुले हयात होती, दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी ९३ टक्के. म्हणजे हृदयाला इजा करू शकणारे एक औषध या मुलांना द्यायची गरजच नव्हती. मोजमापच नसते, तर त्यांना वेगळे काढले कसे असते? दुसऱ्या टोकाला चारही भाग व्यापलेले मूल असते. त्याला कदाचित यकृत प्रत्यारोपण लागेल. आपल्याकडे बहुधा आई किंवा वडीलच यकृताचा तुकडा देतात, त्यांच्या तपासण्या आणि कायद्याच्या परवानग्यांना वेळ जातो. ती शक्यता पहिल्याच आठवड्यात कळली तर धावपळ वेळेत सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : स्कॅनवरचा अंदाज चुकतो. हो, चुकतो. पहिल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीशी ताडून पाहिले तेव्हा जेमतेम ५१ टक्के मुलांचा गट बरोबर निघाला होता, ३७ टक्क्यांचा आजार होता त्याहून जास्त धरला गेला होता. पण यावरून मोजमाप सोडून देणे हा उलटा निष्कर्ष झाला. चुकांचा कल जास्त धरण्याकडे होता आणि केमोनंतर पुन्हा स्कॅन होतोच. तेव्हा तुलनेला जुने चित्र लागते, आणि केमो सुरू झाल्यावर ते चित्र कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही. या गाठीत रक्तात वाढणाऱ्या अल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनाचेही तसेच. तान्ह्या बाळात ते एरवीही हजारोंच्या घरात असते, म्हणून आकड्याशेजारी तारीख आणि बाळाचे वय नसेल तर तो आकडा निरुपयोगी ठरतो.

राहिला वेळेचा प्रश्न. आठवडा जातो तो बहुधा मोजण्यात नव्हे, तेच पुन्हा करण्यात. एका ठिकाणी साधा स्कॅन, दुसरीकडे ‘हा चालणार नाही’, मग पुन्हा उपाशीपोटी ठेवून, भूल देऊन, शीर शोधून तोच स्कॅन. दोन वर्षांच्या मुलाच्या हातावर सुईचे किती निळे डाग पडावेत? म्हणून मागणी साधी आहे. ठाण्या-कल्याणच्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांनी परळच्या टाटा किंवा वाडिया रुग्णालयातील तज्ज्ञांशी आधी फोनवर बोलावे. स्कॅन इथे करायचा तर त्यांच्या सांगण्याप्रमाणे, रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतील असा करावा, नाहीतर मुळीच करू नये. चिठ्ठीवर नुसते ‘यकृतात गाठ, पुढे पाठवत आहोत’ पुरेसे नाही. कळव्याहून परळला धीमी लोकल थेट जाते. त्या डब्यात मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आईच्या पिशवीत स्कॅनची संपूर्ण चित्रे असलेली सीडी, तारखेसह रक्ताचा अहवाल आणि ‘केमो दिलेली नाही’ असे स्पष्ट लिहिलेला कागद असायला हवा.