कापसाची गाठ, कर्जाची गाठ

डिसेंबर २००२. स्टॅन्ली ओ’नील नावाचा काळा माणूस मेरिल लिंचचा मुख्य अधिकारी झाला. वॉल स्ट्रीटवरच्या एवढ्या मोठ्या पेढीच्या त्या खुर्चीत त्याच्याआधी काळा माणूस कधी बसला नव्हता. आपण १९७२ साली ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, म्हणून आपले काही दोस्त असल्या माणसांचे फोटो भिंतीला लावतात. त्यांच्याशी मला भांडायचंय.

मानायचं ते आधी मानतो. त्याचा आजा जन्माला आला तो गुलाम म्हणून. हा १९५१ चा, अलाबामातला. पोरवयात कापूस वेचला. पुढं बाप अटलांटाजवळ जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला, बिऱ्हाड सरकारी चाळीत. पोरगा त्याच कारखान्यात राबत कंपनीच्याच इन्स्टिट्यूटमधून शिकला, १९७८ ला हार्वर्डची डिग्री घेतली, १९८६ ला मेरिल लिंचमध्ये शिरला. ही कुणा गोऱ्याची खैरात नव्हे.

पण वर गेल्यावर केलं काय? २००१ पासून थोड्याच वर्षांत वीस हजारांवर माणसं कमी केली. नफा वाढला, शेठलोक खूष. आमच्या पाळीवर एकदा आपल्याच वस्तीतला मुकादम आला. दोन दिवस छाती फुगली. तिसऱ्या दिवशी दहांचं काम त्यानं सहांवर टाकलं.

२००६ च्या शेवटी मेरिल लिंचनं १३० कोटी डॉलर मोजून फर्स्ट फ्रँकलिन विकत घेतली. तिचा धंदा, ज्यांची पत कमी त्यांना चढ्या व्याजानं घरासाठी कर्ज. असल्या कर्जाचा फास अमेरिकेत सगळ्यात जास्त आवळला तो काळ्यांच्या नि लॅटिनोंच्या वस्त्यांत. सावकारीच ती. फरक इतकाच, की गावचा सावकार चिठ्ठी स्वतःकडं ठेवतो आणि हे लोक हजारो कर्जांच्या गाठी बांधून पुढं विकायचे. आजोळी-पंजोळी कापसाच्या गाठी, नातवाकडं कर्जाच्या. गिऱ्हाईक आटलं तसा माल पेढीच्याच गोदामात अडकला. ऑक्टोबर २००७ मध्ये ८४० कोटी डॉलरची खोट दाखवावी लागली. त्याच महिन्यात साहेब गेले, शेअर नि पेन्शन मिळून सुमारे १६ कोटी डॉलर घेऊन. पुढल्या साली पेढीही बँक ऑफ अमेरिकेला विकली. ज्यांच्या घरांवर जप्ती आली त्यांना कसली पेन्शन?

आता कुणी म्हणेल, काळा होता म्हणून बुडवली. त्या भाडखाऊला विचारा, पुढच्याच महिन्यात सिटीग्रुपचा चार्ल्स प्रिन्स असल्याच कर्जांपायी घरी गेला. त्याच्या गोऱ्या कातडीचा हिशेब कुणी मांडला का?