सेंबेनच्या नावाचा कप्पा

एप्रिल 2022 मध्ये उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच सुमारास त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या तालुक्याच्या गावी मराठी वाङ्मयव्यवहाराचा मुख्य मांडव आला, याचा आनंद पुष्कळांनी व्यक्त केला आणि तो अस्थानी नव्हता. मात्र मांडव हलला की मूल्यनिकषही हलतात, हे त्या आनंदामागील गृहीतक फारसे तपासले गेले नाही. ते तपासायचे तर मराठीबाहेरचे एक उदाहरण अधिक उपयोगी पडते.

आफ्रिकी चित्रपटांसाठीचे ‘आफ्रिका मूव्ही अकॅडमी अवॉर्ड्स’ 2005 साली सुरू झाले. पीस अन्यिअम-ओसिग्वे यांनी स्थापन केलेल्या या वार्षिक सोहळ्याचा पहिला मांडव लागोसला नव्हे, तर नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील येनागोआ या आडबाजूच्या शहरी पडला. आफ्रिकेने आफ्रिकेच्या चित्रपटांचा गौरव करावा, त्यासाठी पॅरिस वा लॉस एंजलिसच्या तोंडाकडे पाहू नये, ही त्यामागील भूमिका निःसंशय मोलाची होती. पण या पुरस्कारांच्या यादीत एक स्वतंत्र वर्ग आहे : ‘आफ्रिकी भाषेतील सर्वोत्तम चित्रपट’. आफ्रिकी चित्रपटांच्याच सोहळ्यात आफ्रिकी भाषेतील चित्रपटासाठी वेगळा कप्पा लागतो, याचा अर्थ उरलेल्या यादीची भाषा गृहीत धरलेली आहे आणि ती आफ्रिकी नाही. त्या कप्प्याला नाव दिले आहे उस्मान सेंबेन यांचे.

येथे विसंगती विदारक होते. सेनेगलचे सेंबेन मुळात फ्रेंचमध्ये लिहिणारे कादंबरीकार. ज्यांच्याविषयी लिहितो त्यांनाच आपले लिहिलेले वाचता येत नाही, या जाणिवेतून ते चित्रपटाकडे वळले. 1968 साली त्यांनी ‘मांदाबी’ वोलोफ भाषेत केला. फ्रेंच अर्थसाहाय्याच्या अटीपायी तोच चित्रपट फ्रेंचमध्येही चित्रित करावा लागला, हे सेंबेन यांनी स्वभाषेसाठी मोजलेले मोल. ज्याने आफ्रिकी भाषेला चित्रपटाच्या मध्यभागी बसवले, त्याचे नाव तिला कडेला बसवणाऱ्या वर्गाला द्यावे, हा गौरव आहे की बंदोबस्त?

मराठवाड्यातील समीक्षेला आफ्रिकी वंशाच्या लेखनाचा परिचय नवा नाही. म. ना. वानखडे यांनी औरंगाबादेत, जनार्दन वाघमारे यांनी लातुरात अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा मराठीत आणली. दलित साहित्याच्या सिद्धान्तनाला तिचे बळ मिळाले. परंतु त्या चर्चेतील लेखक इंग्रजीतच जन्मलेले. त्यामुळे वेदना आणि विद्रोह यांची तुलना झाली. कोणत्या भाषेत लिहावे, हा आफ्रिका खंडातील लेखकांना जाळणारा प्रश्न आपल्याकडे उशिरा व अर्धवट पोहोचला. 1962 साली युगांडातील माकेरेरे येथे भरलेली परिषद ‘इंग्रजी अभिव्यक्तीच्या आफ्रिकी लेखकां’ची होती. न्गुगी वा थियोंगो यांनी पुढे दाखवून दिले, की इंग्रजीत मोजक्या कथा छापून आलेल्या त्यांच्यासारख्या विद्यार्थ्याला तेथे प्रवेश होता. योरुबात लिहिणारे फागुन्वा आणि स्वाहिलीचे थोर कवी शाबान रॉबर्ट यांना नव्हता. पुरस्काराचा कप्पा ही त्याच परिषदेची सुधारित आवृत्ती होय. तिथे दार बंद होते. इथे बाजूचे दार उघडले आहे, एवढाच फरक.

वर्गवारीचे समर्थक म्हणतात, की हा कप्पा नसता तर हौसा, इग्बो, योरुबा चित्रपट इंग्रजी चित्रपटांच्या पैशापुढे दिसेनासे झाले असते. हे म्हणणे खरे आहे आणि ते हलक्याने उडवून लावू नये. पण संरक्षण देणाराच जेव्हा सीमा आखतो, तेव्हा संरक्षिताला ती ओलांडण्याचे कारण सांगावे लागते. आणि सीमा दोन्ही बाजूंनी काचते : 2019 साली नायजेरियाने ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट-विभागात प्रथमच पाठवलेला जेनेव्हिव्ह न्नाजी यांचा ‘लायनहार्ट’ अपात्र ठरला, कारण त्यात इंग्रजी फार आणि इग्बो थोडी. वसाहतीने लादलेली भाषा घरच्या सोहळ्यात प्रमाण ठरते, परक्या सोहळ्यात तीच अपराध ठरते. निकष कुणाच्या हाती आहेत, हे सांगायला आणखी पुरावा नको.

भारतात याची आवृत्ती जुनी आहे. 1954 साली दिल्या गेलेल्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ देशातील सर्वोत्तम ठरला. पुढच्या वर्षी भाषावार पारितोषिके सुरू झाली आणि त्याच अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ मराठीतील सर्वोत्तम ठरला. सर्वोच्च पुरस्कार पुन्हा मराठीत येण्यास ‘श्वास’पर्यंत, म्हणजे अर्धशतक लागले. सगळा दोष वर्गवारीवर ढकलता येणार नाही. त्या काळातील मराठी चित्रपटांचा दर्जाही हिशेबात घ्यावाच लागेल. पण मराठी चित्रपटाचा सन्मान झाला, या समाधानात तो कशाशी तोलला गेला नाही, हे विचारण्याची सवय मोडली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला 2015 मध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तोही मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा अनेक भाषांत बोलणारा चित्रपट म्हणून. आरोपी शाहीर मराठीत गातो आणि खटला त्याच्या गाण्याच्या भाषेबाहेर चालतो, हेच त्याचे मर्म. ‘फँड्री’ मराठी चित्रपट म्हणून गौरवला गेला. त्याचे शीर्षक मात्र कैकाडी भाषेतील. मराठीच्या कप्प्यात कैकाडीचा कप्पा कोठे आहे, असे कुणी विचारले नाही.

उदगीरच्या संमेलनाकडे पुन्हा वळायचे ते यासाठी. कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू यांच्या शेजारात घडलेली तेथील मराठी व्यासपीठावरून गोड, रांगडी, अस्सल ठरवली जाते. तिच्यातील कादंबरीची समीक्षा मात्र ‘ग्रामीण’ या मथळ्याखाली होते. देशीवादाने इंग्रजीच्या वर्चस्वाशी झुंज घेतली. मराठीच्या आतील ही उतरंड त्याने पुरेशी हलवली नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर जी भाषा अभिजात झाली ती नेमकी कोणाची, याचा खुलासाही अद्याप बाकी आहे.

एक प्रयोग करून पाहता येईल. आफ्रिकी पुरस्कारांनी सेंबेन यांचे नाव सर्वोच्च पुरस्काराला द्यावे आणि ‘इंग्रजी भाषेतील सर्वोत्तम आफ्रिकी चित्रपट’ असा स्वतंत्र वर्ग उघडावा. मराठी पारितोषिकांनी ‘ग्रामीण कादंबरी’ हा विभाग बंद करून ‘पुणे-मुंबईच्या पांढरपेशा बोलीतील कादंबरी’ असा विभाग सुरू करावा. अपमान झाल्याची पहिली तक्रार कोठून येते, याची नोंद समीक्षकांनी ठेवावी.