मांडी न घालणारा मनुष्य

विद्येची पाणपोई उघडली म्हणजे तहान भागलीच, असें समजणारा एक वर्ग अलीकडे सुशिक्षितांत बळावत चालला आहे. या वर्गाच्या उत्साहास नांवें ठेवण्याची आमची इच्छा नाहीं; परंतु पाणी पुढें आलें तरी तें ओंजळीनें प्यावें लागतें, पाणपोईच्या वहींत नांव लिहिल्यानें घशाची कोरड जात नाहीं, एवढें त्यास कोणी तरी सांगणें जरूर आहे. मनुष्यशरीराच्या हालचालींचें गणित करणारें जें सॉफ्टवेअर आज जगभर वापरलें जातें, त्याच्या ऑनलाइन कार्यशाळांच्या निमित्तानें हें सांगण्याची वेळ आली आहे. विषय तज्ज्ञांचा दिसतो खरा. पण ज्याच्या घरीं गुडघ्यांनीं जेर झालेली वृद्ध आई आहे, किंवा ज्याचें मूल चालतांना पाय ओढतें, त्या प्रत्येक कुटुंबाचा या प्रश्नाशीं संबंध आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. प्राण्यांच्या हालचालींस यंत्रशास्त्राचे नियम लावण्याचा उद्योग नवा नाहीं. इटलींतील बोरेली याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० व १६८१ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत ब्राउने व फिशर यांनीं चालत्या मनुष्याच्या अवयवांची गति छायाचित्रांवरून मोजली. १९३८ सालीं इंग्लंडांत ए. व्ही. हिल यांनीं स्नायूचें बळ आणि त्याच्या आकुंचनाचा वेग यांचें नातें समीकरणांत बसविलें. १९९० सालीं अमेरिकेंत स्कॉट डेल्प व त्यांचे सहकारी यांनीं मनुष्याच्या पायाची संगणकांतील प्रतिकृति प्रसिद्ध केली; आणि २००७ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतून ‘ओपनसिम’ हें सॉफ्टवेअर विनामूल्य बाहेर पडलें. त्याचा अंतर्भाग कोणासहि वाचतां येतो आणि आपल्या कामापुरता बदलतां येतो. शिवाय त्याच्या कर्त्यांनीं तें शिकविण्यासाठीं कार्यशाळा भरविल्या, दूरदेशींच्या अभ्यासकांस घरबसल्या त्यांत बसण्याची सोय केली. ही उदारता थोर आहे, आणि आमचा वाद तिच्याशीं मुळींच नाहीं. आमचा वाद आहे तो घेणाऱ्याच्या वृत्तीशीं.

या सॉफ्टवेअरचें काम कसें चालतें, हें समजल्यावांचून दोष कोठें शिरतो तें कळणार नाहीं. चालणाऱ्या मनुष्याच्या अंगावर खुणा लावून कॅमेऱ्यांनीं त्याची गति टिपतात. पायाखालीं बसविलेल्या पट्टीनें जमिनीचा दाब मोजतात. या दोन मोजमापांवरून प्रत्येक सांध्यावर एकंदर किती पीळ पडला, हें न्यूटनच्या नियमांनीं काढतां येतें. येथपर्यंतची वाट बरीच पक्की आहे. परंतु सांधा एक आणि त्याला ओढणारे स्नायु अनेक! फार वापरल्या गेलेल्या एका प्रतिकृतींत स्वतंत्र हालचाली २३ आहेत आणि त्या घडविणारे स्नायूंचे दोर ९२ आहेत. चार भोयांनीं पालखी उचलली असतां पालखीचें वजन आपणांस कळूं शकतें. पण कोणत्या भोयाच्या खांद्यावर किती भार आला, हें केवळ वजनावरून कधींहि कळणार नाहीं. तेव्हां गणित एक समजूत धरतें: भोयांनीं भार असा वांटून घेतला असेल कीं, सर्वांचे मिळून श्रम कमींत कमी व्हावेत. समजूत शहाणपणाची आहे, पण ती समजूत आहे. जिवंत माणसाच्या प्रत्येक स्नायूचें बळ प्रत्यक्ष मोजण्याचा सुलभ मार्ग नाहीं, म्हणूनच ती धरावी लागते. आणि ज्या मुलाच्या मेंदूस जन्मकाळीं इजा झाल्यामुळें त्याचे स्नायु एकमेकांविरुद्ध ताठरतात, त्याचे भोई काटकसरीनें चालतच नाहींत. ते आपसांत झगडत चालतात. तेथें ही समजूत सर्वांत आधीं मोडते, आणि गणिताची गरज तर तेथेंच सर्वांत मोठी!

आतां पडद्यावर काय दिसतें? पांढरा स्वच्छ सांगाडा डौलानें चालतो. त्याच्यावर ताणलेले स्नायु श्रमाप्रमाणें निळ्याचे लाल होतात. हें चित्र इतकें मोहक आहे कीं, तें पाहतांच मनुष्य शंका घेण्याचें विसरतो. गणितांत धरलेली समजूत आणि शरीरांत मोजलेली वस्तु या दोहोंचा रंग पडद्यावर एकच असतो. नवशिका अभ्यासक तें चित्र आपल्या निबंधांत छापतो आणि खालीं लिहितो कीं, अमुक स्नायूनें इतकें बळ लावलें. लावलें? कोणीं पाहिलें? त्यानें लिहावयास हवें होतें कीं, अमुक समजूत खरी असेल तर इतकें बळ लागावें. या ‘जर-तर’ मध्यें सारें शास्त्र आहे. तेवढेंच गाळलें म्हणजे उरतो तो चित्रपट.

दुसरा प्रश्न याहून आमच्या जवळचा आहे. त्या सांगाड्यांत कोणाचें शरीर भरलेलें आहे? २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका सुधारलेल्या प्रतिकृतींत स्नायूंचीं मापें २१ शवांच्या विच्छेदनावरून आणि २४ तरुण, निरोगी माणसांच्या एमआरआय चित्रांवरून घेतलेलीं आहेत. आधींच्या प्रतिकृतींचा आधार याहूनहि तोकडा होता. हीच प्रतिकृति लहानमोठी करून नव्या मनुष्यास बसवितात. पण हाडांची लांबी जुळविली म्हणून स्नायूंची ताकद आपोआप जुळत नाहीं. सॉफ्टवेअरच्या नेहमींच्या माप जुळविण्याच्या पायरीत स्नायूंचें कमाल बळ पूर्वीचेंच राहतें. तें अभ्यासकानें स्वतः विचार करून बदलावें लागतें. न बदलल्यास साठ वर्षांच्या अशक्त बाईच्या सांगाड्यांत धट्टाकट्टा परका मनुष्य चालत राहतो, आणि पडद्यावर कोणतीहि लाल खूण उमटत नाहीं!

शिवाय हा मनुष्य चालणारा व खुर्चीवर बसणारा आहे. वर सांगितलेल्या ९२ दोरांच्या प्रतिकृतींत गुडघा १२० अंशांपर्यंतच वांकतो. आमच्या घरांतील मनुष्य मात्र मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून भांडीं घांसतो, वांकून रोपें लावतो. उकिडवें बसतांना गुडघा त्या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे जातो, आणि मांडी पोटरीला टेकून कांहीं भार परस्पर तेथेंच उतरतो. साध्या प्रतिकृतींत हें टेकणें धरलेलेंच नसतें. म्हणजे ज्या बैठकींत आमचीं निम्मीं कामें होतात, तींत गुडघ्यावर काय गुजरतें, हें त्या सांगाड्यास विचारून उपयोग नाहीं. आडांतच नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार? हा कर्त्यांचा अपराध नव्हे. त्यांनीं ती प्रतिकृति चालण्याच्या अभ्यासासाठीं केली आणि तसें सांगितलें. ज्यांस खोल बैठकीचा अभ्यास करावयाचा होता, त्या कॅनडा व बेल्जम येथील संशोधकांनीं २०१९ सालीं अशीच एक प्रतिकृति दुरुस्त करून तिचे सांधे अधिक वांकतील असे केले. उकिडवें बसणें हा ज्यांचा नित्याचा व्यवहार नाहीं, त्यांनीं हें करावें, आणि ज्यांचा तो पिढीजाद व्यवहार आहे त्यांनीं तयार सांगाडा उतरवून घेऊन त्यास चालवीत बसावें, यांत कोणाची शोभा होते?

याच देशांत याच्या उलट उदाहरण घडलेलें आहे. जयपूर येथें १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं जो कृत्रिम पाय सिद्ध केला, त्याची कीर्ति सर्वत्र झाली. त्यांच्यापुढें परदेशी नमुन्याचे पाय होतेच. पण त्या पायांनीं उकिडवें बसतां येत नव्हतें, मांडी घालतां येत नव्हती, अनवाणी शेतांत उतरतां येत नव्हतें. रोगी ते पाय टाकून देत, यांतच या दोघांनीं आपला प्रश्न ओळखला. संगणक त्यांच्यापाशीं नव्हता. प्रश्न मात्र त्यांचा स्वतःचा होता. आज संगणक घरोघर आहे, आणि प्रश्न तेवढा उसना आणावा लागतो.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, नवशिक्यानें तयार वस्तूवरच हात बसवावयाचा असतो. मान्य! पण मूल कित्ता गिरवितें तेव्हां तो कित्ता ग्रंथ म्हणून छापीत नाहीं. दुसरा आक्षेप द्रव्याचा: मोजमापाची प्रयोगशाळा आम्हीं कोठून आणावी? यांत तथ्य होतें, आणि थोडें अजूनहि आहे. परंतु २०२३ सालीं स्टॅनफर्डच्याच मंडळींनीं ‘ओपनकॅप’ नांवाची अशी योजना प्रसिद्ध केली कीं, दोन साध्या मोबाइल फोनांच्या चित्रणावरून शरीराची गति काढतां यावी. तिचीहि उत्तरें तपासूनच घ्यावीं लागतात. पण गरिबीची सबब पूर्वीइतकी भक्कम राहिली नाहीं, हें तरी कबूल करावें. सांध्याचा कोन मोजण्याचें साधें कोनमापक तर व्यायामोपचार करणाऱ्या प्रत्येकाच्या खणांत असतें.

तिसरा आक्षेप विनयाचा वेष घेऊन येतो: एवढ्या थोर विद्यापीठाच्या साधनावर आम्हीं पामरांनीं शंका काय घ्यावी? या आक्षेपाचा आम्हांस खरा राग येतो. कारण त्या थोरांनीं स्वतः काय केलें, हें हा विनयशील मनुष्य वाचीत नाहीं. ज्या रुग्णांच्या गुडघ्यांत भार मोजणारा कृत्रिम सांधा बसविलेला होता, त्यांचीं मोजमापें घेऊन या क्षेत्रांतील संशोधकांनीं एक स्पर्धाच लावली. खरें उत्तर झांकून ठेवावयाचें, प्रत्येकानें आपल्या प्रतिकृतीवरून भार वर्तवावयाचा, आणि मग पडदा दूर करावयाचा! २०१२ सालीं या स्पर्धेची हकीकत प्रसिद्ध झाली. २०१५ सालीं ओपनसिमच्याच कांहीं कर्त्यांनीं ‘माझी प्रतिकृति पुरेशी चांगली आहे काय?’ अशा अर्थाच्या मथळ्याचा सविस्तर लेख लिहून पडताळ्याचे नियम घालून दिले. गुरु स्वतःच्या उत्तरावर शंका घेतो आणि शिष्य तें उत्तर पाठ करतो. अशा शिष्यास विनयी म्हणावें कीं आळशी?

प्रतिकृतीचा योग्य उपयोग केल्यास केवढें हित होतें, याचाहि दाखला याच विषयांत आहे. गुडघे वांकवून चालणाऱ्या आजारी मुलांच्या मांडीमागील स्नायु आंखूड झाले आहेत, असें मानून ते शस्त्रक्रियेनें लांबविण्याची वहिवाट होती. डेल्प व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं प्रतिकृतीच्या साहाय्यानें दाखविलें कीं, असें चालणाऱ्या पुष्कळ मुलांचे ते स्नायु चालतांना आंखूड नसतातच. म्हणजे गणितानें शस्त्र उगारलेल्या हातास थांबून विचार करावयास लाविलें. परंतु जें गणित हात थांबवूं शकतें, तेंच निष्काळजीपणें केल्यास हात चालवूंहि शकतें. त्या वेळीं चुकीचा भुर्दंड निबंधकारास पडणार नाहीं. तो एखाद्या मुलाच्या पायास पडेल.

मग कार्यशाळेचें करावें काय? ती बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्या दाराशीं पहारा बसवा, एवढेंच म्हणतों. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या बढतीसाठीं प्रशिक्षणवर्गांस गुण ठेवले गेले, आणि हजेरीचा कागद हेंच फळ समजण्याची संवय लागली. ती संवय मोडली पाहिजे. पडद्यासमोर बसल्याचें प्रमाणपत्र कोणासहि देऊं नये. जो स्वतःचा प्रश्न आणि स्वतः घेतलेलीं मापें घेऊन येईल, त्यासच आंत घ्यावें. जो निबंध सादर होईल त्यांत धरलेल्या समजुती प्रथम लिहाव्या, आणि निदान एक तरी निष्कर्ष जिवंत शरीरावरील मोजमापाशीं ताडून दाखवावा. आणि येथील अभ्यासकांनीं पहिलें काम म्हणून मांडीचें, उकिडव्या बैठकीचें, डोक्यावरच्या ओझ्याचें मोजमाप करून तें जगास तितक्याच उदारपणें विनामूल्य द्यावें.

फुकट मिळालेल्या विद्येचें ऋण पैशानें फिटत नाहीं. तींत भर घालूनच तें फिटतें. तोंपर्यंत पडद्यावरील तो सांगाडा कितीहि डौलानें चालो. त्यास आमच्या पंगतींत बसावयास सांगितलें, तर तो उभाच राहील.