वारा फुकट, वीज महाग

वीजबिलाचा आकडा फुगू लागला, की गच्चीवर स्वतःची छोटी पवनचक्की उभारण्याची कल्पना मोहक वाटू लागते. वारा फुकट, म्हणजे वीजही जवळपास फुकट, अशी त्यामागची समजूत असते. प्रत्यक्षात यंत्राची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता ठरतो.

खरी मेख क्षमतेच्या आकड्यात आहे. ‘एक किलोवॅट’ ही क्षमता साधारणतः ताशी ४० किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यासाठी सांगितलेली असते. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्म्यावर आला, की ती एक अष्टमांश, म्हणजे जेमतेम १२५ वॅट उरते. शहरात तर इमारतींमुळे वारा अडतो, त्यात भोवरे निर्माण होतात. ब्रिटनमधील वॉरिक चाचण्यांत इमारतींवरील २६ छोट्या पवनचक्क्यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. २००९ च्या अहवालानुसार त्यांची सरासरी निर्मिती क्षमतेच्या एक टक्क्याहूनही कमी होती. या हिशेबाने एक किलोवॅटचे यंत्र वर्षाला ९० युनिटही देणार नाही. याउलट, एक किलोवॅट सौर पॅनेल महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिट देतात. शिवाय २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान घरगुती सौर यंत्रणेलाच आहे.

देखभालीचा हिशेब तर बहुधा मांडलाच जात नाही. पॅनेलला फिरते भाग नसतात. पवनचक्कीची बेअरिंग आणि पाती मात्र झिजतात, किनारपट्टीवर खाऱ्या हवेने धातू गंजतो. बॅटरी जोडली असेल, तर तीही काही वर्षांनी बदलावी लागते. मनोऱ्यावर चढणाऱ्या कारागिराची मजुरी यंत्र लहान आहे म्हणून कमी होत नाही. मोठ्या पवनचक्कीत हा खर्च लाखो युनिटांवर विभागला जातो. येथे तो मोजक्या युनिटांवर पडतो.

अर्थात, साताऱ्यातील चाळकेवाडीसारख्या वाऱ्याच्या पठारांवर गणित बदलते. पावसाळ्यात ऊन नसताना वारा साथ देतो. त्यामुळे वीजवाहिनीपासून दूरच्या वस्तीला सौर-पवन संकरित संच उपयोगी पडू शकतो. मात्र, अशा संचांना केंद्राने पूर्वी दिलेले अनुदान बसविलेल्या किलोवॅटवर मोजले जात होते, निर्माण झालेल्या युनिटांवर नव्हे. अशा पद्धतीत यंत्र उभारणाऱ्याचा लाभ उभारणीपाशीच संपतो आणि देखभालीचा भार ग्राहकाच्या माथी येतो.

यापुढे अनुदान द्यायचेच झाल्यास ते प्रत्यक्ष निर्मितीशी जोडले पाहिजे. ग्राहकानेही किलोवॅटचा भाव विचारण्याआधी त्या जागेवरील वर्षभराच्या वाऱ्याची नोंद आणि देखभालीचा लेखी करार मागणे हिताचे ठरेल.