उजव्या पायाची सवय

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. नव्या मोटारसायकलींत नेमके उलट. चाळीस वर्षांची सवय शांत रस्त्यावर आवरता येते. आणीबाणीत मात्र पाय जुन्याच जागी जातो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. म्हणून मुलांनी हौसेने घेतलेली नवी गाडी ज्येष्ठांनी आधी मोकळ्या मैदानात चालवावी.

जुनी तरी कुठे निरुपद्रवी? किकचा उलटा झटका गुडघ्याला, घोट्याला महागात पडतो. नवी बटणाने सुरू होते. शिवाय २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. परंतु वजन दोहींचे भारीच. गाडी मुख्य स्टँडवर चढवताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना भेटेपर्यंत किल्ली घरच्यांकडे असावी.