ऑनसाइट, वीकएण्ड आणि वत्सगुल्म

ऑनसाइट! आम्हा आयटीवाल्यांच्या कानाला याहून गोड शब्द नाही. व्हिसा हातात पडला की दोन याद्या तयार होतात. एक आई करते : कुरड्या, पापड, ठेचा, कुकरची जास्तीची रिंग. दुसरी आपण करतो : बिग बेन, टॉवर ब्रिज, लंडन आय, विंडसर, स्टोनहेंज, आणि जमलंच तर एका शनिवारी पॅरिस.

मग तिथे पोचल्यावर गणित कळतं. माझी असाइनमेंट 2023च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर अशी होती. वीकएण्ड मोजून बारा. त्यातले तीन रिलीजने खाल्ले, एक जेटलॅग आणि लॉण्ड्रीने, दोन पावसाने. उरले सहा. आणि या सहा वीकएण्डच्या डोक्यावर बसलेला असतो तो पर डिएम. म्हणजे आपला रोजचा भत्ता हो. ऑनसाइटला गेलेला प्रत्येक जण मनातल्या मनात शंभराने गुणत फिरत असतो. कॉफी साडेतीनशे रुपये! सॅण्डविच पाचशे! टॉवर ऑफ लंडनचं तिकीट तीस पौंडांच्या पुढे, म्हणजे तीन हजारांच्या वर, आणि आत जाऊन पाहायचा काय, तर आपलाच कोहिनूर.

माझ्या पर डिएमला तर मी विमानात बसायच्या आधीच गिऱ्हाईक ठरलेलं होतं. विहिरीवरची मोटर. जुनी मोटर दर रब्बीला एकदा तरी जळायची आणि यंदा हरभऱ्याच्या आधी नवी बसवायची, असं बाबांनी ठरवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. मीच सांगितलं होतं, की मोटर माझ्याकडे लागली.

शेत कुठे? जऊळक्याला. आता इथे थोडं थांबावं लागतं, कारण पुण्यात गेली सहा वर्षं मी हेच समजावतेय. जऊळका, वाशिम जिल्हा. वाशिम म्हणजे विदर्भात, अकोल्याच्या खाली. तालुका मालेगाव. नाही, नाशिकवालं मालेगाव नाही, ते वेगळं. अकोला-पूर्णा लाइनवर आमचं छोटंसं स्टेशन आहे, म्हणून गावाला जऊळका रेल्वे असंही म्हणतात. माझ्या लहानपणी तिथून मीटरगेजची छोटी गाडी जायची, 2008मध्ये मोठी लाइन झाली. एवढं सगळं सांगितल्यावर समोरचा म्हणतो, ‘ओके, म्हणजे नागपूरजवळ.’ मी म्हणते, ‘हो.’

लंडनच्या ऑफिसातही पहिल्याच शुक्रवारी लंचला तोच विषय निघाला. क्लायंटच्या टेस्ट लीडबाईंनी आमच्या अख्ख्या टीमला विचारलं, तुमच्या गावात पाहण्यासारखं काय? चेन्नईवाला मरिना बीचपासून सुरू झाला तो देवळांवर येऊन थांबला. पुणेकराने शनिवारवाडा, पर्वती आणि मिसळ एका दमात उरकली. माझी पाळी आली. मी म्हटलं, ‘सोयाबीन.’ सगळे हसले, मीही हसले. आणि मग मी म्हटलं, ‘आणि अजिंठा.’

पुणेकर लगेच म्हणाला, ‘अगं, अजिंठा औरंगाबादला ना!’

भौगोलिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. पण आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी एक गोष्ट आम्हाला इतक्या वेळा घोटून पाठ करून घेतली होती, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. 1939मध्ये वाशिमला त्यांचा ताम्रपट सापडला आणि ही शाखा नीट उजेडात आली. याच घराण्यातला राजा हरिषेण, पाचव्या शतकातला. त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याची 16 नंबरची लेणी या वराहदेवाने कोरवून घेतली, तसा शिलालेखच तिथे आहे. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरात छिन्नी-ब्रश चालत होते, तेव्हा त्यामागची सत्ता आमच्या वाशिमात बसली होती! सर पुढे आणखी एक किस्सा सांगायचे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं, ते कुठे? विदर्भातल्या वत्सगुल्मात. साहित्याचं लग्न वाशिमला, आणि आम्हाला वाशिम कुठे आहे ते समजावून सांगावं लागतं. असो!

लीडबाईंना हे फार आवडलं. म्हणाल्या, मग साउथ केन्सिंग्टनला जाऊन ये, व्हिक्टोरिया अॅण्ड अल्बर्ट म्युझियमकडे अजिंठ्याच्या चित्रांच्या जुन्या नकला आहेत. शिवाय प्रवेश फुकट. हा शब्द ऐकल्यावर माझा शनिवार ठरलाच.

(टिप म्हणून सांगते : ब्रिटिश म्युझियम, व्ही अॅण्ड ए, नॅशनल गॅलरी अशा राष्ट्रीय म्युझियम्सच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. आणि ट्यूबपेक्षा बस घ्या. एकाच भाड्यात (2023मध्ये ते 1.75 पौंड होतं) तासाभरात कितीही बस बदलता येतात, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर शहर दर्शन फुकट.)

म्युझियम म्हणजे काय सांगू! दिवसभर फिरा, पाय मोडतील, म्युझियम संपणार नाही. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ पाहिला, साहेबाच्या नरड्यावर बसलेला. पण अजिंठा कुठेच दिसेना. शेवटी इन्फर्मेशन डेस्कवरच्या आजोबांना विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं, चष्मा वर केला आणि अगदी माफी मागितल्यासारखं म्हणाले, की ती चित्रं आहेत, पण भांडारात. नंतर वाचलं, की 1955नंतर ती कायमस्वरूपी प्रदर्शनात नाहीतच. मग तिथल्याच एका बाकावर बसून मी मोबाइलवर म्युझियमची वेबसाइट उघडली आणि भिंतीपलीकडे कुठेतरी गुंडाळून ठेवलेल्या आपल्या चित्रांचे फोटो पाहिले. जरा विचित्रच होतं ते.

पण त्या नकलांची कहाणी चित्रांपेक्षा भारी निघाली. रॉबर्ट गिल नावाचा मद्रास आर्मीतला अधिकारी. त्याला 1844मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. आयुष्याची वर्षंच्या वर्षं त्याने तिथे घालवली. (हो, पारोच्या दंतकथेतला गिल तो हाच.) कॅनव्हासवर मोठमोठी चित्रं काढून लंडनला पाठवली. ती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली, आणि 1866च्या डिसेंबरात पॅलेसच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. प्रदर्शनातली जवळपास सगळी जळाली. मग 1872पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला बसले. तेरा वर्षं! तीनशेच्या आसपास कॅनव्हास झाले, ते साउथ केन्सिंग्टनला आले, आणि 1885मध्ये तिथेही आग! शंभरावर चित्रं गेली. दोघांची मिळून 166 उरली आहेत, ती भांडारात. मूळ चित्रं डोंगरात दीड हजार वर्षं टिकली आणि नकला साहेबाच्या घरी दोनदा जळल्या. वर मूळ चित्रांवर नकला करताना व्हार्निश फासलं, त्याने ती काळवंडली ते वेगळंच.

त्या रविवारी फोनवर हे सगळं घरी सांगितलं. आई म्हणाली, ‘पाय बरं, आग त्याहिच्या घरी लागली अन् चित्रं आपले जयले!’ बाबांचा प्रश्न वेगळा होता. ‘जेथं जयले, ते जागा पाह्यली काय?’

खरंच की! जागा तर पाहता येते. लंडनच्या याद्यांमध्ये क्रिस्टल पॅलेस पार्क फार वरती नसतो, कारण तिथे पॅलेसच नाही. 1866च्या आगीतून जे उरलं, ते 1936च्या नोव्हेंबरात जळून खाक झालं. राहिल्या आहेत त्या नुसत्या दगडी पायऱ्या, लांबच लांब रिकाम्या गच्च्या आणि पायऱ्यांच्या कडेला बसलेले तांबड्या रंगाचे स्फिंक्स. मी गेले तेव्हा लोक कुत्री फिरवत होते, एक मुलगा पायऱ्यांवर स्केटबोर्ड शिकत होता आणि दर दोन मिनिटांनी पडत होता. खाली तळ्याकाठी 1854चे सिमेंटचे डायनोसॉर आहेत. चुकीच्या आकाराचे, पण काय गोड! तिकीट नाही, रांग नाही, सेल्फी स्टिक विकणारा नाही. मी डबा आणला होता. पोळी-ठेचा. स्फिंक्सच्या पायाशी बसून खाल्ला आणि विचार केला, की इथेच वर कुठेतरी गिलचा कॅनव्हास लटकत असणार. दूर दिसणाऱ्या लंडनकडे पाहत आमच्या त्या दरबारातल्या बायका उभ्या असणार. इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर किल्ला नाहीतर राजवाडा येतो. माझ्या बघण्यातली सगळ्यात भारी ऐतिहासिक जागा म्हणजे ही रिकामी गच्ची.

तिथून पुढे माझ्या वीकएण्डचा नादच बदलला. जुनी यादी डिलीट! आपल्या माणसांचे धागे धरून फिरायचं. लंडनमध्ये घरांवर गोल निळ्या पाट्या असतात, कोण कधी राहिलं ते सांगणाऱ्या. एका शनिवारी वॉरविक अॅव्हेन्यू स्टेशनला उतरून 10, हाउली प्लेस शोधलं. चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक 1918मध्ये लंडनला आले, ते 1919पर्यंत इथे राहिले. खटला हरले, पण पाटी 1961पासून लागलेली आहे. शेजारी कालवा आणि त्यात रंगीत होड्या. हायगेटला 65, क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर इंडिया हाउस. श्यामजी कृष्ण वर्मांनी 1905मध्ये सुरू केलेलं वसतिगृह, इथे सावरकर राहिले. दोन्ही घरं खासगी आहेत. बाहेरूनच पाहायची, बेल वाजवायची नाही, आणि प्लीज, गेटवर हार घालायचे नाहीत!

जिथे आत जाता येतं, ते चॉक फार्म स्टेशनजवळचं 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर 1921-22मध्ये इथे राहत होते. हे घर 2015मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं. पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारी, कॅम्डन कौन्सिलचा नकार, चौकशी असं सगळं झालं आणि 2020मध्ये म्युझियमला परवानगी मिळाली. लहानसं, शांत घर. आमच्या टीममधले आम्ही तिघं गेलो होतो. मला तिथे काय जाणवलं, तर पैसे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईत नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या भांडवलावर ते 1920मध्ये पुन्हा आले. ब्रिटिश म्युझियमची ती गोल रीडिंग रूम उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसायचं आणि रात्री भूक लागली की भाजलेले पापड खायचे, असं त्यांच्या चरित्रांत येतं. आमच्या फ्लॅटच्या कपाटातही आईने दिलेले पापड होते. पण आम्ही ते पौंड वाचवायला खात होतो आणि वरून पिझ्झाही मागवत होतो. चेन्नईवाला बराच वेळ काही बोलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘उद्या ब्रिटिश म्युझियम.’ गेलो. 2023मध्ये रीडिंग रूम बंद होती, बाहेरून गोल चक्कर मारली.

शेवटच्या वीकएण्डला मात्र टेस्ट आली. टीमने पॅरिस ठरवलं. ट्रेन, हॉटेल, लूव्हर, सगळं धरून जो आकडा आला तो पाहून मला मोटरच दिसायला लागली, पाच हॉर्सपॉवरची. व्हिसाही वेगळा लागणार होता, पण ती तशी सबबच. फोनवर बोलता बोलता बाबांना कुठूनतरी सुगावा लागला. म्हणाले, ‘पाहून घे माय. मोटर समोरच्या साली येईन.’

आता खरं सांगू? पॅरिस पाहायचं आहेच मला. गरिबीचं कौतुक करणाऱ्यातली मी नाही, आणि ‘फुकट तेच सुंदर’ असंही नाही. पण समोरच्या सालचा हरभरा काही यंदा घरात येत नाही. मी पैसे पाठवले आणि तो शनिवार पुन्हा व्ही अॅण्ड एमध्ये काढला. तेव्हा तिथे आपलाच बोलबाला होता. वाघनखं भारतात आणण्याचा करार त्याच महिन्यात तिथे झाला होता आणि मराठी चॅनेल्सवर दुसरं काही नव्हतं. ती वाघनखं 2024च्या जुलैत साताऱ्याला आली. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच का, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द म्युझियमच म्हणतं. तरी साताऱ्यात ती पाहायला गर्दी झालीच. भांडारातल्या आमच्या 166 चित्रांसाठी मात्र अजून कुणी मंत्री विमानात बसलेला नाही.

हो, एक राहिलं. नव्याने ऑनसाइट जाणाऱ्यांनी स्ट्रॅटफर्डचं व्ही अॅण्ड ए ईस्ट स्टोअरहाउस जरूर पाहावं. म्युझियमचं भांडारच 2025मध्ये लोकांना खुलं झालंय. आधी ऑनलाइन नोंदवलं तर ठरावीक वस्तू बाहेर काढून दाखवतात. पैसे नाहीत.

मोटर दिवाळीच्या आधी बसली. त्या डिसेंबरात चेन्नईवाला अजिंठा पाहायला निघाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, आधी वाशिमला ये, मग अजिंठा. त्याने विचारलं, ‘वाशिमला बघायला काय आहे?’ मी सरळ सांगितलं, हरिषेणाचा राजवाडा नाही. बालाजीचं देऊळ आहे, पद्मतीर्थ तलाव आहे, आणि आमच्या घरी जेवण आहे. तो दोन दिवस राहिला. पहिल्या दिवशी बाबांनी त्याला देऊळ आणि तलाव दाखवला. दुसऱ्या दिवशी मोटर.